तिघांना तीन अभ्यासक्रम नकोत

घरी शिकणारी आमची मुलं सहा, नऊ आणि तेरा वर्षांची. लेखनासाठी मी तिघांना एकच पद्धत निवडली: शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ बाईंची. त्यांचा भर आधी तोंडी सांगणं, मग बघून लिहिणं, मग श्रुतलेखन यावर. नऊ-दहा वर्षांपर्यंत निबंधाची सक्ती नाहीच. ‘रिकाम्या जागा भरा’च्या वह्यांपेक्षा मला हे शंभर पटीनं पटतं.

परवा येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेलो होतो. धाकट्यानं आजीला सगळं सांगितलं, आजीनं ते वहीत उतरवलं आणि त्यातलं एकच वाक्य त्यानं बघून लिहिलं. मधलीनं श्रुतलेखन केलं. ‘बुरूज’मधला दीर्घ रू तिनं स्वतःच दुरुस्त केला. थोरलीनं लिहिलं, ‘खूप वारा होता.’ मी विचारलं, वाऱ्यानं काय केलं? तिनं पुन्हा लिहिलं: ‘आईचा पदर सावरता सावरेना, बाबांची टोपी तटाखाली गेली.’ केवढा फरक!

वाचनाला बालभारतीची पुस्तकं आहेत, संकेतस्थळावर फुकट मिळतात. बेळगावात राहायचं तर कन्नडही हवंच. दुकानांच्या पाट्या बघून लिहिण्यापासून तेही सुरू केलंय. थोरलीला पुढं एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी द्यायचीय, म्हणून तिचं पत्रलेखन जूनपासून.