हुकावर वजन

रविवार, रात्री

सुट्टी संपली, परवा परत मुंबई. आज दिवसभर अण्णांसोबत रानात होतो. मांजरा नदीकाठचं काळं रान, त्यात वरच्या पट्टीचं पाणी पाझरून आलेलं, वाफसा काही नव्हता, तरी कारखान्याची ऊसतोड आली म्हणल्यावर थांबता येत नाही. आमची दोन चाकी ट्रॉली भरून निघाली अन् बांधापाशी ट्रॅक्टर बसला. मागची चाकं जागेवरच फिरायला लागली. अण्णांनी रेस केलीच नाही. खाली उतरले, वाकून हूक बघितला अन् ट्रॉलीतल्या मागच्या धा-बारा मोळ्या पुढं घ्यायला लावल्या. मग हळू क्लच सोडला, निघाला की बाहेर!

"हुकावर वजन आलं की चाक धरतंय," एवढंच म्हनले.

मी विमानतळावर टग चालवतो, म्हणजे विमान मागं ढकलायची गाडी. ट्रेनिंगमध्ये दोन दिवस जे शिकवलं ते अण्णा एका वाक्यात बोलून गेले. नुसत्या इंजिनाच्या ताकदीनं विमान हलत नाही, चाकाला पकड लागते अन् पकड वजनानं येते. म्हणून टोबारवाले, म्हणजे विमानाला लोखंडी दांड्यानं जोडायचे, जुने टग मुद्दाम जड बनवलेले, मोठ्या विमानाचे तर ५० टनांच्याही पुढं. लोखंडाचा ठोकळाच तो. टोबारला एक शिअर पिन असते, जास्त जोर आला की आधी ती तुटते अन् विमानाचं पुढचं चाक वाचतं. नवा होतो तेव्हा वळण जास्त घेतलं अन् माझ्याकडून तुटली होती ती. तो कट्ट आवाज अजून कानात आहे, रात्रभर झोप नव्हती.

मग बिनबारचे टग आले. ते विमानाचं पुढचं चाक उचलून स्वतःच्या पोटात घेतात. विमानाचा साधारण दहावा हिस्सा भार त्या चाकावर असतो, पण तेवढा टगवर आला तरी पुरतो, म्हणजे गाडी स्वतः तेवढी जड नसली तरी चालते, विमानच तिला पकड देतं. त्याच्याही पुढचा टॅक्सीबॉट, त्यात रनवेकडं जाताना पायलट स्वतःच टग वळवतो अन् विमानाची इंजिनं बंद असतात, केवढं इंधन वाचतं! ऑक्टोबर २०१९ ला दिल्लीत एअर इंडियाचं ए-३२० प्रवाशांसकट असं नेलं होतं.

जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून अण्णांना मोबाईलवर बिनबारच्या टगचा व्हिडिओ दाखवला. चष्मा लावून नीट बघितला त्यांनी.

"एवढं वजन मागं घेतल्यावर ह्याचं तोंड उचलत नाही का रे?"

दोन वर्षांत एकाही नव्या पोरानं मला हे विचारलं नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं तोवर त्यांनी व्हिडिओ मागं घेतला, बोटानं थांबवला अन् टगच्या मागच्या दोन चाकांमधल्या जागेवर बोट ठेवलं.

"हां. हुकाला नाही टांगलेलं. चाकांच्या मधी घेतलंय."