ईक्यूला हात सर्वांत शेवटी

माझा एखादा प्रोजेक्ट उघडून पाहिला की इलेक्ट्रॉनिक संगीत करणारी मुलं हमखास विचारतात, ‘तीस ट्रॅक आणि ईक्यू फक्त तीन-चार ट्रॅकवर? बाकीचं कुठे करता?’ ईक्यू म्हणजे आवाजातले खालचे, मधले, वरचे पट्टे कमी-जास्त करायचं साधन. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बाकीचं आधीच झालेलं असतं. गाणाऱ्याचा आवाज रेकॉर्ड करून ज्याच्याकडे मिक्सला येतो, त्याच्या हाती जे आलंय तेच असतं. त्याला ईक्यूवाचून फारसा इलाज नाही. आपलं तसं नाही. आपला आवाज आपणच घडवलेला असतो आणि तो घडवणारा सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्य, समोर उघडा असतो. पॅड, म्हणजे मागे पसरलेला लांब सूर, कानाला टोचतोय? त्याचा फिल्टर थोडा बंद करा, म्हणजे वरचा तीव्र भाग दबेल. बेस गढूळ वाटतोय? रिलीज कमी करा, कारण नोट सुटल्यावर रेंगाळणारी शेपटीच पुढच्या किकवर, म्हणजे ड्रमच्या जड ठोक्यावर, येऊन पडते. दोन सिंथ एकाच सप्तकात भांडत असतील तर एकाला वरच्या सप्तकात न्या. हे सगळं हाताशी असताना मिळेल तो आवाज उचलायचा आणि मग ईक्यूचे आठ पट्टे लावून तासत बसायचं, हे मला कधीच पटलं नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. ऐरोलीहून एक मुलगा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे नौपाड्यात आला. म्हणाला, “दादा, किक आणि बेस एकमेकांना खातायत. सगळं करून बघितलं.” खरंच सगळं केलं होतं. किकवर ५२ हर्ट्झच्या आसपास उंचवटा, बेसवर नेमका तिथेच खड्डा, त्याच्यावर आणखी एक ईक्यू. मी सगळे बंद केले आणि नुसती किक ऐकली. तिची शेपटी लांब होती आणि ती जवळजवळ जी शार्पवर स्थिरावत होती, म्हणजे ५२ हर्ट्झ. गाणं ए मायनरमधलं. बेसचा मूळ स्वर ए, म्हणजे ५५ हर्ट्झ. अर्ध्या स्वराचा फरक. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला तीनदा आवाज फुगत होता आणि बसत होता. तो ज्याला ‘खातायत’ म्हणत होता, ते हेच. ५२ आणि ५५ च्या मधे नीट सुरी घालता येईल असा ईक्यू माझ्या तरी पाहण्यात नाही.

मी त्याला विचारलं, बैठकीत तबला उतरला तर तबलजी काय करतो? “हातोडी काढतो,” तो म्हणाला, आणि लगेच त्याच्या लक्षात आलं. त्याचे आजोबा पेटी वाजवायचे. त्याने स्वतःच किक अर्धा स्वर चढवली, शेपटी आखूड केली. मग प्लेचं बटण दाबून तो बराच वेळ काहीच बोलला नाही.

ईक्यू शेवटी ठेवण्याचं दुसरं कारण खोलीचं आहे आणि ते मी फार उशिरा शिकलो. ठाण्यात काय, नव्या मुंबईत काय, आपल्यापैकी बहुतेकांचा स्टुडिओ म्हणजे दहा बाय दहाची बेडरूम. दहा फुटांच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झची लहर अडकून उभी राहते. भिंतीपाशी ती जोरात ऐकू येते आणि बरोबर मधोमध जवळपास नाहीशी होते. टेबल कुठे असतं? बऱ्याचदा मधेच. मग बेस कमी वाटतो, आपण तो सहा डेसिबलने उचलतो, म्हणजे त्या पट्ट्यातल्या लहरींची उंची दुप्पट करतो. गाण्याला काहीच झालेलं नसतं, दोष खोलीचा असतो. माझी दोन वर्षांची कामं अशीच बिघडली. मित्राच्या गाडीत लावली की दारं थरथरायची. खुर्ची दोन फूट मागे सरकवून बघा, मग ठरवा.

आणि कानही फसवतो. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की हळू आवाजात खर्जाचे स्वर आपल्याला प्रत्यक्षापेक्षा खूप कमी ऐकू येतात. आवाज वाढला की ते भरून येतात. त्यामुळे ईक्यूने काहीही उचललं की आवाज थोडा मोठा होतो आणि मोठा तो बरा वाटतो. म्हणून मी ईक्यू लावला की आधी लेव्हल पूर्वीइतकीच करतो, मग डोळे मिटून बायपासच्या बटणाने ईक्यू चालू-बंद करतो. कुठला चालू आणि कुठला बंद हे ओळखता आलं नाही, किंवा बंद असतानाच बरं वाटलं, की काढून टाकतो. दहातले सात निघून जातात.

सगळ्या ट्रॅकवर सरसकट लो कट मारायची, म्हणजे सगळा खालचा भाग कापायची सवयही मोडा, असं मी कळकळीने सांगेन. साधा लो कट फक्त खालचं कापत नाही, तो उरलेल्या आवाजाची फेजही, म्हणजे त्यातल्या लहरींची वेळही, थोडी सरकवतो. किकचा ठोका त्याने मऊ पडू शकतो. जिथे खरोखर खाली गुरगुर आहे, तिथेच लावा.

त्या मुलाच्या गाण्यात शेवटी ईक्यू एकाच ठिकाणी राहिला. त्याच्या बहिणीने कपाटाचं दार उघडं ठेवून, साड्यांसमोर उभी राहून चार ओळी गायल्या होत्या. तो आवाज तीनशे हर्ट्झपाशी थोडा कोंदट होता. तिथून दोन डेसिबल काढले.