चालतं

बुधवार, २ जुलै. रात्री ११:५०

आज शेंगदाण्याचा डबा वजनकाट्यावर ठेवला. ठेवायला नको होता.

सोमवारी सकाळी भाजले होते. लोखंडी कढई, मंद आच, सालीवर काळे ठिपके येईपर्यंत उलथणं हलवत राहायचं. मग सुपात चोळून गच्चीवर नेऊन पाखडले. सोलापुरात आषाढात वारा असा सुटतो की फुंकायची गरज पडत नाही, सालं थेट शेजारच्यांच्या वाळवणावर. कुटाचे वेगळे काढले आणि डब्यात बरोबर ५०० ग्रॅम भरले. काटा लेकीने पुण्याहून पाठवलाय, माझ्या डाएटसाठी.

आत्ता उरलेत १९०.

यांना शेंगदाण्याने पित्त होतं. आईंना दातांमुळे चावत नाहीत, त्या फक्त चटणी खातात. घरात तिसरं माणूस मी. तीन दिवसांत ३१० ग्रॅम. त्यातली रोजची एक मूठ रीतसर, संध्याकाळी पाचची, कागदावर लिहिलेली. माझी मूठ ३२ ग्रॅमची भरते, म्हणजे तिचे ९६ वजा केले. उरले २१४. शंभर ग्रॅमला साधारण ५८० कॅलरी धरल्या तर साडेबाराशेच्या घरात जातात. आहारतज्ज्ञ बाईंनी मला दिवसाला आखून दिल्यात १,२००. थोडक्यात, सोमवार ते बुधवार या तीन दिवसांत मी चौथा दिवस गुपचूप खाऊन बसले.

कधी खाल्ले? हे तर माहीतच आहे. रात्री ओटा पुसून झाला की. दिवा मालवलेला, झाकण अर्धंच उघडलेलं, मी उभीच. पहिली मूठ मोजून. दुसरी जरा लहान, म्हणून ती मोजायची नाही. मग डब्याच्या तळाशी सुट्या पाकळ्या असतात त्या. अर्धा दाणा म्हणजे काय शेंगदाणा असतो का? मग तोंडात एक खवट लागतो, आणि तो घालवायला चांगले चार.

लिहायला लाज वाटतेय, पण आज लिहायचंच ठरवलंय. गेले सहा आठवडे मी साखर खाल्लेली नाही. भात बंद आहे. परवा ऑफिसात एकाच्या मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला म्हणून पेढे आले, मी हात मागे घेतला आणि मला त्याचं काही वाटलंही नाही. फ्रिजमध्ये यांचं श्रीखंड आहे, ते माझ्यासाठी जणू औषधाची बाटली. न चालणाऱ्या वस्तूंशी माझं भांडण कधीच मिटलंय. मला बुडवतायत त्या चालणाऱ्या. शेंगदाणे चालतात. फुटाणे चालतात. मखाणे तर काय, हवाच, चालतात. कागदावर ज्याच्यापुढे बरोबरची खूण आहे, त्याच्यापुढे माझा हात थांबत नाही.

गुरुवार, ३ जुलै

पाणी प्या म्हणतात. भुकेसारखी वाटते ती खरी तहान असते म्हणे. दोन पेले प्यायले. मग दोन पेले पाणी प्यायलेल्या बाईने शेंगदाणे खाल्ले.

एक गोष्ट लागू पडली ती दात घासण्याची. जेवण झालं की लगेच, साडेनऊला. पेस्टच्या चवीवर शेंगदाणा अगदी खडूसारखा लागतो. पण साडेअकराला ती चव गेली होती.

शुक्रवार, ४ जुलै

लेकीचा फोन. ती मानसशास्त्रात एम. ए. करते, त्यामुळे आजकाल मी तिची आई कमी आणि केस जास्त. काट्याचं सांगितलं तर हसली नाही. म्हणाली, "आई, तू रात्री मोबाइलवर काय बघतेस?"

मी म्हटलं, काही नाही, रेसिपी. आणि बोलता बोलता माझं मलाच जाणवलं. महिनाभर मी झोपताना पुरणपोळीचे, तांबड्या रश्श्याचे, साबुदाणा वड्याचे व्हिडिओ बघतेय. करायचं काहीच नाही. नुसतं बघायचं. वडा तेलात सोडला की आवाज वाढवायचा.

मग तिने त्यांच्या अभ्यासातला एक प्रयोग सांगितला. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ तरुण घेतले. सगळे धडधाकट, आणि युद्धात लढायला तत्त्वाने नकार दिलेले. युद्ध संपल्यावर उपासमारीत सापडलेल्या लोकांना परत खायला कसं घालायचं हे समजून घ्यायचं होतं. त्यासाठी आधी या पोरांनाच अर्धपोटी ठेवलं, २४ आठवडे, दिवसाला साधारण १,५७० कॅलरींवर. वर आठवड्याला ३५ किलोमीटर चालायचं. वजनं उतरलीच, पण डोकी खाण्याने भरली. बटाटा, टर्निप, पाव एवढंच ताटात असायचं, तेच तासतास चघळत बसायचे. थाळ्या चाटायचे. च्युइंग गम इतकं चघळू लागले की त्यावर मर्यादा घालावी लागली. आणि पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. आयुष्यात चूल न पेटवलेली पोरं रात्री गादीवर पडून पाककृती वाचायची.

मी ऐकत होते आणि मला फक्त आकडा दिसत होता. १,५७०.

"आई, तुला किती दिल्यात?"

मी पंचविशीतला चालणारा पोरगा नाही, बसून काम करणारी ४९ वर्षांची बाई आहे, हे मी तिला सांगितलं. मला कमी लागणार हेही खरं. तिलाही ते पटलं. पण म्हणाली, "तू दुपारी काय खातेस ते नीट सांग." एक छोटी भाकरी, वाटीभर पालेभाजी, काकडी, ताक. "आणि पाचपर्यंत?" पाचला मूठ. "आणि रात्री?" सूप आणि कोशिंबीर.

फोनवर बराच वेळ शांतता होती. मग म्हणाली, "तू रात्री अकराला शेंगदाणे खातेस हा हावरटपणा नाही गं. ते तुझं राहिलेलं जेवण आहे."

लेकीने हावरटपणातून सोडवावं, यापरतं सुख नाही. पण सगळं काही त्यात बसत नाही. पहिल्या दोन मुठी जेवणाच्या धरल्या, तरी चौथी?

रविवार, ६ जुलै. आषाढी एकादशी

पहाटेपासून टीव्हीवर पंढरपूर. आई सोप्यावर बसून हात जोडतायत. इथून सत्तरएक किलोमीटर, पण या वर्षी गुडघ्यांमुळे त्यांचं जाणं झालं नाही.

माझ्यापुढे आज दोन याद्या होत्या. एक उपवासाला काय चालतं याची, एक डाएटला काय चालतं याची. साबुदाणा उपवासाला चालतो, डाएटला नाही. बटाटा, रताळं, तेच. डाएटला काकडी-टोमॅटोची कोशिंबीर चालते, पण आमच्याकडे टोमॅटो उपवासाला चालत नाही, का ते आईंनाही माहीत नाही. दोन्ही पंक्तींना मानाने बसणारा पाहुणा एकच. शेंगदाणा.

गंमत म्हणजे यातलं आपलं काहीच नाही. शेंगदाणा, बटाटा, रताळं, मिरची, साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा, सगळं अमेरिका खंडातून आलेलं. ज्ञानोबा-तुकोबांतल्या ज्ञानोबांनी यातलं काहीही चाखलेलं असणं शक्य नाही. साबुदाणा तर अजून येतो तो बहुतेक तमिळनाडूतल्या सेलमकडून. तरी आपल्या घरात त्यांना केवढी मान्यता! कुणीतरी कधीतरी "हे चालतं" म्हणालं, आणि चाललं. म्हणून तर एकादशी दुप्पट खाशी. लहानपणी मला ती म्हण चेष्टा वाटायची, आज ती निरीक्षण वाटली. ज्या दिवशी भाकरी बंद, त्याच दिवशी खिचडीचं पातेलं खरवडून निघतं.

दुपारी आईंना वाटीभर भगर आणि दाण्याची आमटी दिली. मी दाण्याची आमटीच दोन वाट्या घेतली. आई संपवून हात धुऊन आल्या. मी विचारलं, अजून थोडी वाढू? "नको. झालं." मी म्हटलं, चालतं की आई, उपवासाचीच आहे.

त्या म्हणाल्या, "चालतं गं. पण मला भूक कुठाय?"

मी आमटीचा डाव हातात धरून उभी. सत्याहत्तर वर्षांच्या बाईला भूक आहे का हे कळतं, आणि मला गेल्या सहा आठवड्यांत हा प्रश्नच पडलेला नाही. मला फक्त कागद विचारायची सवय लागलीय. पाच वाजले, मूठ. भूक असो नसो. आणि कागदावर नाही म्हणून सकाळी अकराला पोटात खड्डा पडला तरी खायचं नाही, कारण अकरापुढे रिकामी ओळ आहे.

रात्री डब्याकडे गेले नाही. उपवासाचं पुण्य म्हणून नाही, आमटी जरा जास्त झाली होती.

मंगळवार, ८ जुलै

आहारतज्ज्ञ बाईंकडे जाऊन आले. वाटलं होतं बोलणी बसतील. शेंगदाण्यांचा हिशेब जसाच्या तसा सांगितला, ३१० ग्रॅम, पाकळ्यांसकट. त्यांनी विचारलं, आधी का नाही सांगितलं? मी म्हटलं, गेल्या वेळी वजन दीड किलो उतरलं होतं आणि तुम्ही शाबास म्हणालात. त्या दोन मिनिटं कागदच बघत बसल्या.

दुपारी आता दीड भाकरी आणि मटकीची किंवा मुगाची उसळ, नुसती पालेभाजी नाही. रात्रीचं सूप गेलं, त्या जागी ज्वारीची आंबील किंवा पिठलं आणि अर्धी भाकरी. कॅलरी थोड्या वाढल्या. माझी तीन महिन्यांची साखर ६.३ होती, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आत नाही. सप्टेंबरमध्ये परत तपासायची. तोवर वजन हळू उतरलं तरी चालेल, म्हणाल्या.

(चालेल. बघा.)

मुठीबद्दल मात्र त्या ठाम. मूठ राहणार, पण डब्यातून नाही. वाटीत काढा, डबा ठेवा, बसून खा. आणि शक्य असेल तर सोललेले नकोच, शेंगा आणा.

घरी येऊन डब्यातले १९० ग्रॅम (खरं लिहायचं तर १६५) आईंपुढे ठेवले. त्यांनी लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ घेतलं आणि खलबत्त्यात कुटायला बसल्या. शेंगाचटणीला तेल सुटेपर्यंत घाव घालायचे, मिक्सरचं नाव काढायचं नाही. मी मधेच एक दाणा उचलला. बत्ता हवेत थांबला. ठेवला परत.

शनिवार, १२ जुलै. संध्याकाळ

आठवडी बाजारातून पाव किलो भाजलेल्या शेंगा आणल्या. तीस मोजल्या, ताटलीत घेतल्या, सोप्यावर बसले.

एक शेंग फोडायची म्हणजे दोन्ही हात लागतात, मोबाइल बाजूला ठेवावा लागतो. काही शेंगा चिमटीत तटकन फुटतात, काहींना दात लावावा लागतो. आत कधी दोन दाणे, कधी तीन, एकीत एकच सुकलेला. सालपट बोटाने चोळून काढायचं, फुंकायचं. विसाव्या शेंगेला बोटं दुखायला लागली. बाविसाव्या शेंगेनंतर मी थांबले. भूक होती का, असं स्वतःला विचारलं आणि खरंच उत्तर येईना, म्हणून थांबले. अंधारातल्या डब्यापाशी हा प्रश्न विचारायला फुरसतच नसायची. हात तोंडाशी जाऊन परत डब्यात.

समोर टरफलांचा ढीग. खाल्लेलं इतकं उघड्यावर पडलेलं बऱ्याच दिवसांनी पाहिलं. शाळेत दर एक ऑगस्टला कुणी ना कुणी भाषणात सांगायचं, मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. मीही एकदा सांगितलं होतं, चौथीत, फेटा बांधून. टिळकांना सोपं होतं. मी खाल्ल्या होत्या, बावीस.

केरसुणी आणायला आत गेले. परत येईपर्यंत हे ऑफिसातून आले होते, पायातले बूटही न काढता सोप्यावर बसलेले. ताटलीतल्या उरलेल्या आठ शेंगा दिसेनात.

"तुम्हाला पित्त होतं ना?"

"दोनच खाल्ल्या," म्हणाले.

टरफलं माझ्या ढिगात ढकललेली होती.