तोर्रेमोलिनोसमध्ये चांगलं जेवण कसं शोधायचं: माझा अनुभव

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या तोर्रेमोलिनोसला उतरल्यावर पहिल्या संध्याकाळी आपल्याकडच्या बऱ्याच जणांची सारखीच गत होते. साडेसहाला भूक लागते, समुद्राकाठच्या रस्त्यावर फोटोंचे मोठमोठे फलक दिसतात, दारातला माणूस हसून इंग्रजीत आत बोलावतो आणि फ्रीझरमधून निघालेली पाएया, म्हणजे स्पॅनिश मसालेभात, पुढ्यात येते. मग आठवडाभर पिझ्झा. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण मालागा प्रांताचा हा किनारा मासे खाणाऱ्यांसाठी सोन्यासारखा आहे आणि शाकाहारी माणसाचंही इथे नीट भागतं. मी रेस्टॉरंटचं नाव शोधत बसत नाही. आधी पदार्थ ठरवते, मग वेळ आणि जागा सगळ्यात शेवटी.

वेळेपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. इथली स्वयंपाकघरं दुपारी साधारण दीड ते चार आणि रात्री आठ-साडेआठ ते अकरा चालतात. मधल्या वेळात चूल बंद असते. संध्याकाळी सहाला जिथे पूर्ण जेवण मिळतं, ती जागा बहुधा फक्त पर्यटकांसाठी चालवलेली असते, आणि तिथे गरम होऊन येतं ते आधीच शिजवून ठेवलेलं. म्हणून मुख्य जेवण दुपारी दोनला घ्यायचं. सहाला मुलं कुरकुरली तर कॉफी आणि चुर्रो (पिठाच्या तळलेल्या कांड्या), आणि रात्री नऊनंतर हलकं काहीतरी. हे एक वेळापत्रक पाळलं तरी निम्मं काम होतं.

आता जागेचा अंदाज. स्टेशनजवळून काये सान मिगेल हा फक्त पायी चालायचा बाजाररस्ता निघतो, त्याच्या टोकाला पायऱ्या उतरल्या की बाहोन्दियोचा किनारा. तिथून समुद्र डाव्या हाताला ठेवून वीस-पंचवीस मिनिटं चाललं की ला कारिवेला. ही जुनी कोळ्यांची वस्ती, आणि माशांसाठी मी इथेच येते. पण इथेही अगदी समुद्रासमोरच्या रांगेत थांबण्याआधी आतल्या काये देल कार्मेनवर एक फेरी मारायची. स्टेशनच्या वरच्या अंगाला एल काल्वारियो ही स्थानिक लोकांची वस्ती आहे. आठवड्यातल्या दुपारी स्वस्त आणि घरगुती जेवायचं तर तिकडे.

गूगल मॅप्सवर इंग्रजीत 'बेस्ट रेस्टॉरंट' टाकलं की इंग्रजी बोलणाऱ्यांची आवडच समोर येते. शोध स्पॅनिशमध्ये घ्यायचा: एस्पेतो, म्हणजे काडीवर भाजलेल्या तारल्या, हवा तर 'चिरिंगितो एस्पेतोस' (चिरिंगितो म्हणजे किनाऱ्यावरची खानावळ), तळलेले मासे हवे तर 'फ्रेइदुरिया', थाळी हवी तर 'मेनू देल दिया'. परीक्षणं नव्यातून जुन्याकडे लावायची आणि स्पॅनिशमध्ये लिहिलेली भाषांतर करून वाचायची. साठ जणांनी दिलेल्या ४.९ तारकांपेक्षा दोन हजार जणांनी दिलेल्या ४.३ मला जास्त भरवशाच्या वाटतात. लोकांनी टाकलेल्या फोटोंत मेनूचा फोटो शोधायचा आणि तो कोणत्या महिन्याचा आहे ते पाहायचं. भाव तिथेच कळतात.

प्रत्यक्ष दारात गेल्यावर माझी नजर तीन ठिकाणी जाते. फळ्यावर खडूने आजचे मासे लिहिलेत का, दुपारी अडीचला आत स्पॅनिश कुटुंबं आहेत का, आणि मेनू किती लांब आहे. सात भाषांतला, फोटोंचा, पाएया-पिझ्झा-बर्गर एकत्र असलेला मेनू दिसला की पुढे चालायचं. पाएयाचे आठ-दहा प्रकार छापील फोटोंसह फलकावर असतील तर ती कारखान्यातून गोठवून आलेली असते. ताज्या भाताला तीस-चाळीस मिनिटं लागतात आणि तो बहुधा किमान दोघांसाठीच करतात. शिवाय पाएया वालेन्सियाची. मालागात येऊन ती शोधणं म्हणजे मालवणात जाऊन पुरणपोळी शोधण्यासारखं.

इथला खरा पदार्थ एस्पेतो. एस्पेतो म्हणजे वेताच्या चपट्या काडीत ओवलेल्या पाच-सहा तारल्या. वाळूने भरलेली जुनी होडी चिरिंगितोच्या बाहेर उभी असते, तिच्यात ऑलिव्हच्या लाकडाचा विस्तव, आणि त्याच्या कडेला काड्या वाळूत तिरक्या रोवलेल्या. ज्योत माशाला लागू द्यायची नाही, भाजायचं ते निखाऱ्याच्या धगीवर. म्हणून भाजणारा माणूस वारा फिरला की काड्यांची जागा बदलतो. मासा साफ केलेला नसतो, खवलंही काढलेली नसतात, वरून फक्त जाडं मीठ. खवल्यांमुळे कातडी चिकटत नाही आणि आतलं तेल बाहेर ओघळत नाही. खायचा हातानेच: पाठीवरची कातडी बोटाने सरकवायची, वरचा मांसाचा पट्टा उचलायचा, शेपटीकडून काटा अख्खा ओढायचा, मग खालचा पट्टा. काटा-सुरी घेतली की मासा विस्कटतो आणि बारीक काटे तोंडात येतात.

तारलीचा हंगाम लक्षात ठेवायला स्थानिक लोक एक खूण सांगतात: स्पॅनिश नावात 'र' नसलेले महिने. मायो, हुनियो, हुलियो, आगोस्तो, म्हणजे मे ते ऑगस्ट. तेव्हा मासा चरबीने भरलेला असतो. कोकणात जून-जुलैत होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात, नेमकी तेव्हाच इथे तारली सगळ्यात चांगली. हिवाळ्यात मिळाली तरी ती कोरडी लागते, तेव्हा मी दुसरं काही मागवते. जाण्याची वेळ दीड-दोन, विस्तव नुकता नीट तापलेला असतो. साडेचारनंतर आधी भाजून ठेवलेला एस्पेतो पुन्हा शेकून मिळण्याची शक्यता वाढते. अशा माशाची कातडी सुरकुतलेली असते आणि मांस काट्याला घट्ट चिकटलेलं. ताज्याचं मांस आपणहून सुटतं. एका माणसाला एक एस्पेतो सुरुवातीला पुरे, आणि तो गरम असतानाच पुढचा सांगायचा. एकदम चार मागवले तर शेवटचा गार होतो. एस्पेतोसाठी वेगळी सहल करायची असेल तर मालागा शहरातून ११ नंबरची बस पेद्रेगालेहो आणि एल पालो या वस्त्यांकडे जाते.

दुसरा पदार्थ तळणीचा. बोकेरोनेस म्हणजे अँचोवी, आपल्या मांदेलीच्या कुळातलाच मासा. मालागात चार-पाच मासे शेपटीपाशी चिकटवून पंख्यासारखे तळतात. असा पंखा ताटात आला की समजायचं, इथे मासा हाताने पिठात घोळवलाय, पिशवीतून थेट तेलात पडलेला नाही. पीठ अगदी पातळ हवं, ताटात तेल साचता कामा नये. कासोन एन आदोबो म्हणजे मुशीचे तुकडे व्हिनेगर, जिरं, लसूण आणि पाप्रिकात मुरवून तळलेले. आपल्या जिभेला लगेच पटतात. मुलांना बिनकाट्याचा मासा हवा म्हणून बरेच जण रोसादा मागवतात. चव चांगली, पण रोसादा दक्षिण गोलार्धातून गोठवून येतो, 'आजचा ताजा' म्हणून त्याचे जास्त पैसे देऊ नयेत. आणि मेनूवर चांकेतेस दिसलं तर तिथे मासे मागवूच नका. या इवल्या माशाच्या मासेमारीवर बंदी आहे, त्यामुळे ताटात येतो तो एकतर बेकायदा किंवा त्या नावाखाली दुसराच कुठलातरी.

मागवताना माप सांगायचं: तापा, मेदिया रासियोन, रासियोन, म्हणजे चवीपुरतं, अर्धी प्लेट, पूर्ण प्लेट. दोघांना तीन अर्ध्या प्लेटी आणि एक सॅलड पुष्कळ होतं.

सगळ्यात मोठा फटका अख्खा मासा मागवताना बसतो. मेनूवर 'सेगुन मेर्कादो' लिहिलं असेल तर अर्थ बाजारभावाप्रमाणे. कधी आकडा दिसतो, पण तो किलोचा किंवा १०० ग्रॅमचा असतो आणि आपण तो प्लेटचा समजतो. किलोला ४८ युरो आणि मासा ९०० ग्रॅमचा, म्हणजे ४३ युरो २० सेंट. वजन होतं ते साफ करण्याआधीचं, डोकं आणि काट्यासकट. म्हणून तीन गोष्टी आधी करायच्या: मासा टेबलाशी आणून दाखवायला सांगायचा, समोर वजन करून घ्यायचं, आणि विचारायचं, "आ कोमो एस्ता एल किलो?" किलोचा भाव काय. चांगल्या ठिकाणी याचा कुणाला राग येत नाही. लुबिना आणि दोरादा हे मासे बहुधा शेततळ्यासारख्या पिंजऱ्यांत वाढवलेले असतात. ते वाईट नाहीत, पण 'सालवाहे', म्हणजे समुद्रातले, सांगून चढा भाव लावत असतील तर दोनदा विचारा.

वारही बघायचा. मासेमारी नौका शनिवार-रविवारी सहसा बंदरात असतात, त्यामुळे सोमवारी ताजा मासा मिळणं कठीण. बरीच चांगली ठिकाणं तेव्हा बंदच असतात. सोमवारी मी एल काल्वारियोत मेनू देल दिया खाते. पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, एक पेय आणि गोड किंवा कॉफी, सगळं मिळून साधारण १२ ते १६ युरो. ही पद्धत १९६०च्या दशकात मॅन्युएल फ्रागा पर्यटनमंत्री असताना सरकारी नियमाने सुरू झाली आणि पुढे स्थानिक कामगारांचीच रोजची खाणावळ बनली. ती बहुधा सोमवार ते शुक्रवार दुपारीच मिळते. पहिल्या भागात डाळी-भाज्यांचे पदार्थ असतात, ते जास्त मनापासून केलेले असतात.

रविवारी दुपारी मात्र स्थानिक कुटुंबं समुद्रावर येतात, तेव्हा आधी जागा राखून ठेवावी लागते. १६ जुलैला, कार्मेन देवीच्या मिरवणुकीच्या संध्याकाळी, कारिवेलात आयत्या वेळी टेबल मिळेल असं धरून चालू नये.

बिलाचं थोडक्यात. मेनूवरच्या भावात कर धरलेला असतो. पावाचे वेगळे पैसे लागतात, नको असेल तर पाव येताक्षणी परत द्यायचा. बाहेरच्या टेबलांचा भाव काही ठिकाणी जास्त असतो, तो मेनूवर लिहिलेला हवा. नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं, असा २०२२चा कायदा आहे. "आग्वा देल ग्रिफो" म्हणायचं, नाहीतर बाटली येते. टिप बंधनकारक नाही. बिलात गडबड दिसली आणि ऐकत नसतील तर "ओहा दे रेक्लामासियोनेस", म्हणजे तक्रारीचा फॉर्म, मागायचा. तो प्रत्येकाला ठेवावाच लागतो, आणि बऱ्याचदा तो मागितल्यावरच बिल दुरुस्त होतं.

शाकाहारी मंडळींसाठी सगळ्यात महत्त्वाचं: 'सिन कार्ने', मांसाशिवाय, एवढंच सांगून भागत नाही. हॅम आणि ट्यूना यांना इथे अनेकजण मांसात मोजत नाहीत. मिक्स सॅलडमध्ये ट्यूना असतो, सालमोरेहो या गार टोमॅटो सूपवर हॅम आणि अंडं भुरभुरलेलं असतं, चण्याच्या रश्श्यात चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, निघतो. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करायचं: "नो कोमो कार्ने, नि पेस्कादो, नि हामोन." अंडं चालत नसेल तर शेवटी "नि उएवो". प्रत्येक पदार्थाला पुन्हा विचारायचं, "येवा हामोन?" यात हॅम आहे का. बीफ टाळणाऱ्यांनी 'सोलोमियो' शब्दापाशी थांबावं, तो डुकराचाही असतो आणि गाईचाही.

बिनधास्त मागवण्यासारखं म्हणजे आहोब्लांको: बदाम, लसूण, पाव आणि ऑलिव्ह तेल वाटून केलेलं पांढरं गार सूप, वर द्राक्षं. आणि बेरेनहेनास कोन मिएल दे कान्या, म्हणजे वांग्याचे कुरकुरीत काप आणि वरून उसाचा 'मध'. हा मध म्हणजे आपली काकवी. याच प्रांतातल्या फ्रिखिलियाना गावात ती अजून बनते. वांगी माशाच्याच तेलात तळली जातात का, हे मात्र आधी विचारा. माशांच्या ठिकाणी कढई बहुधा एकच असते, म्हणून कडक शाकाहारी असाल तर वांगी कारिवेलात न खाता वरच्या गावातल्या तापास बारमध्ये विचारून खा.