परत सोडलेला मासा

शनिवार, रात्र

आज आईला न्यूयॉर्क राज्यातल्या स्कायलरव्हिलला हडसन नदीच्या काठी नेलं होतं. गळ टाकून बसलेल्या एकाने हातभर मासा ओढला, गळ अलगद सोडवला आणि मासा परत पाण्यात सोडला. आई हळहळली. "अगो, गावलेलो मासो कोण परत सोडता?" मालवणच्या बाईला हे पटायचं कसं!

मग माझं ऑफिसातलं कामच सांगत बसले. वरच्या अंगाला हडसन फॉल्स आणि फोर्ट एडवर्डला जनरल इलेक्ट्रिकचे कपॅसिटरचे कारखाने. 1947 ते 1977 तिथून पीसीबी, म्हणजे कपॅसिटरमध्ये भरायचं क्लोरीनयुक्त विषारी तेल, नदीत गेलं. 2009 ते 2015 गाळ उपसला, तरी या पट्ट्यातला मासा घरी न्यायचा नाही.

पीसीबी हे एक रसायन नव्हे, 209 भावंडांचं गोत आहे. पिंपावर नाव अ‍ॅरोक्लोर 1242, म्हणजे 12 कार्बन आणि 42 टक्के क्लोरीन. पण माशात पोचतं ते पिंपातलं मिश्रण नसतं. हलकी भावंडं उडून जातात, मोडतात. क्लोरीनने जड झालेली चरबीत ठाण मांडतात. उंदरांवरच्या प्रयोगात तपासलेल्या हलक्या-जड चारही मिश्रणांनी माद्यांच्या यकृतात गाठी झाल्या, त्यामुळे हलक्यांनाही निर्दोष म्हणता येत नाही.

अमेरिकेची पर्यावरण संस्था 1996 पर्यंत कॅन्सरचा धोका काढताना सगळ्या मिश्रणांना 7.7 हाच गुणक लावायची; गुणक मोठा तितका धोका जास्त. त्या वर्षी तिने विचारलं, हे शरीरात येतं कुठल्या वाटेने? अन्नातून आलं तर 2, वाफेतून आलं तर 0.4. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. लेबल वाचून धोका ठरवणं आणि ताटात काय पडलं ते बघून ठरवणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आईसाठी वहीत मांडून दाखवलं. किलोला 1 मिलिग्रॅम पीसीबी असलेला मासा, रोज 30 ग्रॅम, 70 किलोचा माणूस, जन्मभर. 2 ने गुणलं की दहा हजारांत सुमारे 9 जणांना जास्तीचा कॅन्सर. हा वरच्या टोकाचा अंदाज. खरा आकडा कमी असू शकतो.

"कातडी, पोटाकडची चरबी काढायची, भाजताना गळलेलं तेल फेकायचं, मग बरंच कमी होतं," मी म्हटलं.

आई लगेच म्हणाली, "मगे निस्त्याक चव खंयसून येतली?"

मी गप्प झाले. आमच्याकडे डोकं, कातडी, पोटाची चरबी सगळं कालवणात जातं आणि रस्सा भातावर ओतून शेवटच्या थेंबापर्यंत खाल्ला जातो. गळून जाणारं काहीच नाही. ऑफिसात धोका काढायच्या माझ्या तक्त्यात मात्र शिजवताना होणारी घट सगळ्यांना सरसकट लावलेली आहे. इतकी वर्षं मी ती ओळ वाचत आले, आणि घरचं पातेलं एकदाही डोळ्यांपुढे आणलं नाही.

सोमवारी रस्सा खाणाऱ्या घरांसाठी ती घट शून्य धरून आकडे पुन्हा काढायचे.