दहा सेंटिमीटरची फट

शनिवार, रात्र

पहाटे ॲरिझोनातल्या फिनिक्सहून निघालो. गाडीत तीन पक्षीवाले, एक निवृत्त भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक आणि मी नागपूरची. अमेरिका-मेक्सिको सीमेवरची भिंत पाहायची, पण राजकारण काढायचं नाही, असं ठरलं होतं. वाटेतलं बेन्सन गाव येईपर्यंतही ते पाळलं गेलं नाही.

आधी माँटेझुमा पास ही खिंड. साडेसहा हजार फुटांवरून खाली सान पेद्रो नदीचं खोरं. गवत अलीकडे-पलीकडे एकाच रंगाचं, आणि मधून तपकिरी रेघ. मला भिंतीपेक्षा तिच्या कडेने डोजर फिरवून काढलेला रस्ता जास्त खुपला.

मग नदीवर गेलो. सान पेद्रो मेक्सिकोत उगम पावून उत्तरेला वाहते. २०२० साली तिच्या पात्रातही भिंत उभी राहिली: नऊ मीटर उंचीचे पोलादी खांब, दोन खांबांत दहा सेंटिमीटरची फट. माझा पंजा आडवा जेमतेम आत गेला. खांबांच्या बुंध्याशी कॉटनवुड झाडांच्या काटक्या, गवत आणि चिखल यांचा सुकलेला गुंता. बोटाने खरवडला तर आतून अजून ओलसर! इथला पूर नुसतं पाणी आणत नाही, वरचं सगळं झोडपून आणतो. म्हणून पावसाळ्यात पात्रातली फाटकं उघडी ठेवावी लागतात. २००८ साली पश्चिमेकडे ऑर्गन पाइप या राखीव वाळवंटात कुंपणाला असाच कचरा अडकून पाणी तुंबलं होतं. प्राध्यापक म्हणाले, "पाणी अडलं की ते बाजूची जमीन खातं."

भिंतीत काही ठिकाणी जनावरांसाठी म्हणून भोकं ठेवली आहेत. आकार साधारण ए-फोर कागदाएवढा. जावेलिना नावाची इथली रानडुकरासारखी जनावरं, कोल्ह्यासारखे कायोटी यांचं त्यातून भागतं. हरिण, अस्वल, जग्वार यांनी काय करायचं? मला उगाच वाटत होतं की निदान पक्षी तरी सुटले. पण पश्चिमेकडच्या वाळवंटातलं पिग्मी घुबड जमिनीलगतच उडतं, बहुतेक वेळा माणसाच्या उंचीच्याही खालून. माणसं शिडी लावतात, करवतीने खांब कापतात. घुबडाकडे काय आहे?

पर्यावरणाचे कायदे कुठे गेले, हा प्रश्न अर्थातच निघाला. २००५ च्या एका कायद्याने भिंतीच्या कामापुरते ते बाजूला ठेवायचा अधिकार होमलँड सिक्युरिटीच्या, म्हणजे देशांतर्गत सुरक्षा खात्याच्या मंत्र्यांना दिलाय. झालं!

मी आमच्याकडच्या पेंच जंगलाचं सांगितलं. नागपूर-जबलपूर रस्त्यावर वाघांसाठी महामार्गच उचलून घेतलाय; खालची सर्वांत मोठी वाट ७५० मीटर रुंद. तीही कोर्टकचेऱ्या झाल्यावरच मिळाली, हेही सांगितलं, उगाच फुशारकी नको. पक्षीवाल्यांपैकी एकाला खरं वाटेना, म्हणून फोनवर वाघांचे फोटो दाखवले.

शेजारच्या सान राफाएल खोऱ्यात २०२५ पर्यंत बऱ्याच ठिकाणी नुसत्या गाड्या अडवणाऱ्या लोखंडी फुल्या होत्या, हरणं त्यांच्याखालून वाकून जायची. २०२५ मध्ये तिथल्याही सुमारे ४३ किलोमीटर भिंतीचं कंत्राट निघालं. पुढची सहल तिकडेच. उद्या सकाळी नाव नोंदवायचं आहे, गाडीत एकच जागा उरलीय.