कंबरच दुखतेय ना!

"सिंहगड रोडचे खड्डे, दुसरं काय!" काकांच्या कंबरदुखीवर काकू फोनवर म्हणाल्या आणि त्यांच्यापुरता विषय मिटला. माझा मिटेना.

पुण्यात कंबर कुणाची दुखत नाही? पण काकांच्या रेक्टममधली, म्हणजे गुदद्वाराच्या आतल्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातली गाठ काढून तीनच आठवडे झालेत. गुदद्वारातून, दुर्बिणीनं. पोटावर टाका नाही, पट्टी नाही, त्यामुळे घरच्यांच्या लेखी ऑपरेशन झालंच नाही. अहो, चार सेंटिमीटर रुंद नळी आत घालून, कार्बन डायऑक्साइडनं जागा फुगवून, भिंतीची पूर्ण जाडी कापलीय. भोक आडवं शिवलंय. त्या शिवणीवरून रोज मैला जातो. शिवण उसवली तर जंतू मागच्या चरबीत शिरतात, तिथून त्रिकास्थीच्या, म्हणजे कण्याच्या तळाच्या हाडाच्या, पुढच्या फटीत. बहुतेकांचं अँटिबायोटिक्सवर भरून येतं. क्वचित एखाद्याचा संसर्ग मणक्यात, दोन मणक्यांमधल्या चकतीत जातो. शिवाय इतक्या वर, आतल्या भिंतीला कापल्याची कळ समजतच नाही. समजते ती कंबर.

रक्त दिसलं की लोक धावतात. धावावंच, आठ-दहा दिवसांनीही रक्तस्राव होतो. फुगवायला सोडलेला वायू वर चढून मानेच्या कातडीखाली कुरकुरला तरी घाबरतात. ताप नसेल तर तो बहुधा आपोआप जिरतो. कंबरेसाठी मात्र बाम.

दरवेळी अपशकुनी मीच का व्हायचं? गोळीचं नाव विचारायला सगळे मला फोन करणार, आणि मी काही बोलले की "तुला सगळीकडे आजारच दिसतो". परवा तर... जाऊ दे.

खड्ड्यांची कंबर आडवं पडलं की सैलावते. ही रात्री जास्त ठणकते, अंथरुणातही. काका पहाटे तीनला उठून बसतात, हे काकूंनी सहज सांगितलं, गवारीच्या भावाच्या आधी.

असो. प्रत्येक घराला एक पिरपिर करणारं माणूस लागतंच, आमच्याकडे ती नेमणूक माझी. सर्जनना फोन झाला. उद्या सीआरपी, म्हणजे शरीरात दाह आहे का ते सांगणारी रक्ततपासणी, आणि रक्तातले जंतू वाढवून बघायचं कल्चर. अँटिबायोटिक त्यानंतरच, नाहीतर कल्चरमध्ये काही उगवत नाही. मग शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध देऊन एमआरआय, कारण साध्या एक्स-रेत सुरुवातीला काही दिसत नाही. मणक्यातच निघालं तर किमान सहा आठवडे औषध. पोट साफ होत नाही म्हणून एनिमा द्यायचा नाही, हे दोनदा बजावलंय. आणि काकूंच्या डब्यातली डायक्लोफेनॅक, ती दुखण्यावरची गोळी, बंद. ताप तिच्याखाली दडतो, आणि काकू थर्मामीटर दाखवून मलाच गप्प करतात.